धाकटीचा गाल

"बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" आईने गालावरचा हात काढून घेतला.

"अगं आई, मी. तुझी धाकटी."

"काहीतरीच! माझ्या धाकटीचा गाल लोण्यासारखा. हा तर सुकलेला दोडका."

आईची नजर चार वर्षांपूर्वी गेली, मागोमाग आठवणीही फितूर झाल्या. माणसं आता तिला बोटांनीच कळत. आणि धाकटीची पाळी थांबून दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून गाल सुकत चालला होता.

दवाखान्याच्या औषधखिडकीत बसून धाकटीने तीस वर्षं दुसऱ्या बायकांना हार्मोनची औषधं समजावून दिली होती. आता स्वतःसाठी मागायला ती डॉक्टरीणबाईंसमोर बसली.

"नुसत्या त्वचेसाठी आम्ही देत नाही, हे मी तुम्हाला काय सांगू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अंगातून वाफा निघतात, झोप नाही, हे खरंच आहे. पण मला हवंय ते गालासाठी." मग तिने आईचं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी तिचा कागद पुढे ओढला. तपासण्या करून त्यांनी जेल आणि गोळ्या लिहून दिल्या. "त्वचेत पडला तर थोडा फरक पडेल, तोही काही महिन्यांनी. गाल विशीतला होणार नाही हं."

"विशीतला कशाला? तिने ओळखावा, बास."

रोज सकाळी दंडावर जेल लावायचं, वाळू द्यायचं, हात धुवायचे, बाही खाली ओढायची, मगच आईजवळ जायचं. आपलं औषध आईच्या अंगाला लागता कामा नये. वाफा थांबल्या, झोपही लागू लागली. आईचा प्रश्न मात्र तोच, "कोण तुम्ही?"

चौथ्या महिन्यात आईने अन्न सोडलं. चमचा दिसत नसे, पण जवळ आला की ओठ मिटत. तिसऱ्या दुपारी तिची बोटं चाचपडत धाकटीच्या गालावर आली. सुरकुत्यांवरून फिरली, डोळ्याखाली थांबली. धाकटीने चमचा खाली ठेवला.

"आई?" म्हातारी हळूच म्हणाली. "किती उशीर केलास गं! मी कधीची वाट बघतेय."

'अगं, मी' एवढं धाकटीच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"कामं उरकत नव्हती गं बाळ."

"भूक लागलीय मला."

चार घास मऊ भात पोटात गेला. पाचव्याला ती हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने जेलची बाटली उचलली, आरशात गालावरच्या सुरकुत्या पाहिल्या आणि झाकण न काढताच ती कपाटात ठेवून दिली. गोळ्याही ठेवल्या. वाफा परत येतील, येऊ देत.

भाताची वाटी घेऊन ती पलंगाच्या कडेला बसली आणि आईच्या हाताला सापडेल असा गाल पुढे केला.