न झालेली पानगळ

कार्डाचा एक कोपरा पुस्तकाबाहेर राहिला होता आणि सात महिन्यांच्या उजेडाने तेवढाच पिवळा पडला होता. आत दडलेले कार्ड मात्र अजून काल आल्यासारखे असणार... सदाशिवरावांनी पुस्तक उघडले नाही. मजकूर पाठ होता. 'गुरुजींस सविनय जयभीम. बंगल्यातला बाबांचा द्राक्षवेल नव्या माळ्याने उपटला, तिथे मोटारीसाठी शेड झाली. बाबांनी तुम्हाला त्याचीच काडी दिली होती. ती अजून जगली आहे का? जगली असल्यास आईसाठी एक काडी पाठवावी. ती रोज विचारते. — सत्यशीला, मुक्काम राजूर.'

उत्तर दोन शब्दांचे होते. जगली, पाठवतो. पण पाठवायची म्हणजे कापायची, आणि कापायची कधी हे ज्या पानावर लिहिले होते त्याच पानात त्यांनी ते कार्ड खूण म्हणून घातले होते. पाने गळून वेल निद्रिस्त झाला की मगच छाटणी करावी, असे ते इंग्रजी पुस्तक सांगत होते. नागपूरला जुन्या बाजारात घेतलेले, जाड कागदाचे, चित्रांचे पुस्तक. तर सदाशिवराव पानगळीची वाट पाहत होते. पहिल्या वर्षी माघापर्यंत पाहिली. पानांच्या कडा तांबूस झाल्या, चार-दोन गळाली, आणि गळालेल्यांच्या शेजारीच नवी फुटली. पुढच्या वर्षी तेच. वेल मांडवावरून न्हाणीच्या कौलांवर गेला, तिथून शेजारच्या बाभळीत शिरला. पाच वर्षांत एक घड नाही. सावली मात्र दाट. त्यांची पत्नी वच्छलाबाई तिच्याखाली भांडी घासत.

नागोरावांना त्यांनी ते पान वाचून दाखवले होते — ओळीओळीचे मराठी करून, शाळेत सांगावे तसे. नागोराव, सत्यशीलाचे वडील, कापसाच्या जिनिंगच्या मालकाच्या बंगल्यावर माळी. ऐकताना त्यांनी दुपट्टा तोंडावरून फिरवला, हसू पुसावे तसा.

"मास्तर, हा साहेबाच्या मुलकातला वेल झाला. तिकडं थंडीनं झोपते तो. आपल्या दारव्ह्यात कायले झोपते? इथं दसरा झाला का कापूनच उठवा लागते त्याले."

"छापलेलं आहे, नागोराव."

"असन बा."

असन बा... त्या दोन शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते राहून गेले. त्यानंतर दर दसऱ्याला नागोराव येत, खिशात चाकू असे, मांडवाखाली उभे राहून वर पाहत, चहा घेत आणि जात. वेलाचा विषय पुन्हा त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही, सदाशिवराव मनाशी म्हणाले. एकदा म्हणायला हवे होते, कापा. ते वाट पाहत होते का? की नुसते वेल पाहायला येत? गेल्या दसऱ्याला ते आले नाहीत, कारण श्रावणातच गेले. मयतीला मी मागच्या बाजूला उभा होतो. त्यांच्या बायकोने, तुळसाबाईंनी, मला पाहिले की नाही, ठाऊक नाही.

"अवो," वच्छलाबाई न्हाणीकडून म्हणाल्या, "इकडची फांदी वाळून राह्यली. औंदाबी पुस्तकाची परवानगी नाही आली काय?"

सदाशिवराव उठून मांडवाखाली गेले. खरेच होते. पानांवर राखेसारखी भुरी धरली होती. गंधक धुरळले तरी दाट पानांतून आत पोचत नव्हते, आणि बुंध्यापासून हातभर वर साल सुटून एक जुनी फांदी खडखडीत झाली होती. आणखी एक मोसम असाच गेला तर पाठवायला काही उरणार नाही, हे दिसण्यासाठी पुस्तक लागत नव्हते. नागोरावांच्या हातचा हा एकच वेल जगात राहिला होता. आणि तो माझ्या अंगणात मरत होता — सावकाश, नियमाने.

त्यांनी चाकू आणला. कुठे कापायचे? नागोरावांचे शब्द आठवेनात. आठवला तो बंगल्यावर छाटणी करताना पाहिलेला त्यांचा अंगठा, काडीवरून खालून वर सरकणारा, प्रत्येक डोळ्यावर, फुटव्याच्या गाठीवर, क्षणभर थांबणारा. चार डोळे ठेवायचे की पाच? अंगठा पाचव्यावर थांबे, बहुधा. बहुधा... सदाशिवरावांनी कापले. कापल्या जागी पाण्याचा एक थेंब आला आणि थांबला. मग दुसरी काडी, तिसरी. कौलांवरची ओढून काढली तेव्हा धूळ आणि चिमण्यांचे घरटे खाली आले. दुपारपर्यंत मांडवाच्या बांबूंमधून थेट आभाळ दिसू लागले.

"लय बोडका केला," वच्छलाबाई परात घेऊन उभ्या होत्या. "नागोराव एवढं कापत होते काय?"

"मले नाही ठाऊक."

त्या त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. लग्नाला चाळीस वर्षे झाली होती. हे वाक्य त्यांनी फारसे ऐकलेले नसावे.

"मी आता भांडी कुठं घासू? उन्हात?" एवढे म्हणून त्या आत गेल्या.

चांगल्या सहा काड्या त्यांनी ओल्या रेतीत खोचून ठेवल्या आणि लिहायला बसले. सात महिन्यांत जी सहा-सात पत्रे फाडली, ती सगळी पहिल्याच ओळीवर अडली होती. सवयीने 'श्री' लिहावे तर तिच्या जयभीमला ते उत्तर होत नव्हते, आणि जयभीम लिहावे तर आपल्या हातात ते उसने वाटेल अशी भीती. आज त्यांनी लिहिले, 'चि. सत्यशीला, जयभीम.' तेवढे अक्षर बाकीच्यापेक्षा लहान आले. मग: 'वेल जिवंत आहे. पाच वर्षांत त्याला फळ धरले नाही. दोष वेलाचा नाही. तुझे वडील सांगत होते ते मी ऐकले नाही. आज छाटला. काड्या रेतीत आहेत, डोळे फुगले की मी स्वतः घेऊन येतो. आईंना सांग.'

टपालपेटीशी ते थोडे थांबले. पत्र राजूरला पोचायला तीन-चार दिवस. तोवर बोडका वेल उन्हाने करपलाही असेल, काड्या काळ्या पडल्या असतील, आणि 'जिवंत आहे' हे वाक्य तुळसाबाई ऐकतील तेव्हा खोटे झाले असेल. हे कोणत्याही पानावर तपासता येणार नव्हते. पत्र आत पडल्याचा आवाज फार बारीक होता.

ते घराकडे वळले. परतताना नेहमी मनात पत्राचा दुसरा, सुधारलेला मसुदा सुरू होई. आज तो सुरू होण्याची त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. बाजाराच्या वळणापर्यंत तरी काही सुचले नाही — फक्त अंगठा, छाटताना चिकट झालेला, ते तर्जनीवर घासत चालले होते, आणि चार की पाच, हे अजूनही ठरत नव्हते.