पहिला घोट

नाशिकच्या डॉक्टर चारुशीला बर्वे यांना आपल्या सोनोग्राफीच्या यंत्राचा भारी अभिमान. कुवेतमधल्या त्यांच्या इस्पितळात १९८५ साली सगळे त्याला ‘पोरं बघायचं मशीन’ म्हणत, आणि ते ऐकलं की बाईंच्या अंगाचा तिळपापड होई.

शहरातल्या हवल्ली भागातली मुनिरा आली तीही बाळ बघायलाच. पाचवा महिना, पण अंगात नुसती हाडं उरलेली. मोठ्या डॉक्टरांनी ‘गरोदरपणाच्या उलट्या’ म्हणून हात झटकले होते. पडद्यावर बाळाची खुंटलेली वाढ पाहून बाईंच्या काळजात चर्र झालं. अशीच उपासमार चालली तर ते पोर हाती लागायचं नव्हतं.

“उलटीत काय पडतं, विचार गं मालन.”

रत्नागिरीची नर्स मालन अरबी फाडफाड बोले. “घास गिळला तस्साच परत येतो म्हणते. आंबटही लागत नाही. छातीशीच अडकतो.”

बाईंनी कान टवकारले. म्हणजे अन्न पोटापर्यंत पोचतच नव्हतं! खोट अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाशी असणार. बाळामुळे एक्स-रे काढायची सोय नव्हती. पण यकृतावरून नेम धरला तर ते तोंड सोनोग्राफीत दिसतं, फक्त त्याच वेळी पाणी गिळायला हवं. बाईंनी लगेच ग्लास भरून मुनिरापुढे धरला.

मुनिराने तोंड फिरवलं. मालनने कपाळावर हात मारला. “अहो मॅडम, रमजान चाललाय ना!”

बाई ओशाळल्या, मग चिडल्या. “आजारी बाईला, त्यात पोटुशीला, रोजा माफ असतो. सांग तिला.”

मुनिरा हळूच काहीतरी बोलली. ते मराठीत सांगताना मालनचाही आवाज उतरला. “म्हणते, तसंही पोटात काही उतरत नाही. निदान रोजा तरी पदरात पडू दे.”

बाईंनी ग्लास झाकून ठेवला. “मग संध्याकाळपर्यंत थांबू. रोजा इथेच सुटेल.”

मोठे डॉक्टर दारातून हसले. “पोरं बघायच्या मशीनवर अन्ननलिका?”

“सूर्य मावळला की या, सर.”

रेडिओवर इफ्तारची तोफ झाली. उशीला टेकून मुनिराने बिस्मिल्ला म्हटलं आणि पहिला घोट घेतला. पडद्यावर पाणी काळंभोर उतरलं आणि जठराच्या दाराशी येऊन थबकलं. वरची नळी फुगलेली, खालचं तोंड घट्ट आवळलेलं. भिंत मात्र पातळ आणि सारखी होती, गाठ कुठेच नव्हती, म्हणजे कर्करोग नव्हता. मोठे डॉक्टर चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

“दुर्बिणीतून फुगा घालून ताणता येईल,” ते शेवटी म्हणाले. “उद्याच करू. मी चुकलो, डॉक्टर.”

बाईंना आकाश ठेंगणं झालं.

नळीचं तोंड मोकळं झाल्यावर मुनिरा पुन्हा आली, तीही भर दुपारी. रमजानचे राहिलेले रोजे बाळंतपणानंतर फेडीन, असं तिने मालनला कबूल केलं होतं. मोठ्या डॉक्टरांसमोरच तिने घोट घेतला. पाणी खाली आलं, क्षणभर थांबलं आणि सरळ जठरात उतरलं. मालनच्या डोळ्यांत पाणी तरारलं. बाईंनी यंत्राची मूठ खाली पोटावर सरकवली, तर बाळ लाथा झाडत होतं.

“आता खुशाल म्हणा, सर, पोरं बघायचं मशीन!” बाई म्हणाल्या.

मुनिराचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. रिकामा ग्लास मालनपुढे धरून ती आणखी पाणी मागत होती.