पडून दाखवते

त्या वर्षी शिलाईमावशीनं सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द म्हणजे 'पडशील'.

स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं अस्तर काढायला गेली, की पडशील. ओल्या फरशीवर पाऊल टाकलं, की पडशील. लेकीचा फोन आला तरी 'जेवलीस का' हे नंतर, आधी 'पडली नाहीस ना?' हा शब्द घरात असा मुक्कामाला आला होता, की मावशीला वाटे, आता याच्यासाठीही एक ताट वाढावं लागणार.

तसं एकदा पडली होती ती, खोटं कशाला बोला. चौथ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या. एकीत ती राहायची, दुसरीत खिडकीला लागून मशीन. इमारतीला लिफ्ट नाही, पायऱ्या बहात्तर. हिवाळ्यात एका सकाळी पडद्यांचा मोठा गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरून ती खाली उतरत होती. गठ्ठ्यापलीकडची पायरी दिसली नाही. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. साठ वर्षांच्या बाईचं हाड जुळलंसुद्धा, पण लेकीचा जीव काही जाग्यावर आला नाही.

लेकीचा तरी काय दोष! ती विमा कंपनीत कामाला. रोज तिच्या टेबलावर लोकांच्या पडझडीच्या फायली. कोण न्हाणीघरात घसरलं, कोण शिडीवरून खाली आलं, कोणाचं खुब्याचं हाड गेलं. फायली वाचून वाचून तिला प्रत्येक जिना तोंड उघडून बसलेला दिसायचा.

"आई, माझ्या घराची तळमजल्यावरची मागची खोली दुरुस्त करून घेतेय," ती म्हणाली. "चार महिन्यांत होईल. मग तू इकडे. हे घर भाड्यानं देऊ."

"आणि मशीन?"

"मशीन कशाला आता? आराम कर की."

मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. पण त्या टाचण्यांमागे जे शब्द होते, ते टाचण्यांपेक्षा टोकदार होते.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात एक ठेंगणी, काटक पोरगी पॅन्टींचा ढीग घेऊन बहात्तर पायऱ्या धावत चढून आली. सगळ्या पॅन्टी गुडघ्यावर फाटलेल्या.

"तुमच्याकडे माणसं गुडघ्यांवर चालतात की काय गं?" मावशीनं विचारलं.

"भिंतीवर चालतात, मावशी," पोरगी हसली. जुन्या गोदामात चढाईच्या भिंती उभ्या केल्या होत्या, तिथं ती शिकवायची. सगळे तिला पालच म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. उलट टीशर्टवर पालीचं चित्र छापून घेतलं होतं.

आठ दिवसांनी मावशी दुरुस्त पॅन्टी पोचवायला स्वतः गेली, आणि दारातच थबकली. तीन माणसं उंच भिंत. तिच्यावर ठोकलेले रंगीबेरंगी गोळे, कुठे मुठीएवढे, कुठे नुसते बोटाच्या पेराएवढे. पिवळ्यांची एक वाट, निळ्यांची दुसरी. माणसं त्या वाटांनी वर जात होती. कमरेच्या पट्ट्याला दोर बांधलेला, दोर वरच्या कडीतून जाऊन खाली दुसऱ्याच्या हातात. वर पोचलं की पितळी घंटा वाजवायची, मग हात सोडायचे आणि दोरावर बसून अलगद खाली.

कापडावर खडूनं आखलेली रेघ मावशीला जशी लांबून वाचता यायची, तशी ती पिवळी वाट तिला वाचता आली. इथं उजवा हात, इथं वळण, इथं अंग भिंतीला लावून पाय बदलायचा.

"मी चढू का?" तिनं विचारलं.

पालीनं तिच्या मनगटाकडे पाहिलं. "डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, हाताला काम द्या. कसलं काम ते त्यांनी सांगितलं नाही."

डॉक्टरांना फोन करून नीट विचारल्यावरच पालीनं पट्टा काढून दिला. दोर धरायला पुढे आले ड्रायव्हरकाका. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, आता आठवड्यातून दोनदा इथं. "घाबरू नका," ते म्हणाले, "माझ्या चालत्या बसमधून एकही माणूस पडला नाही."

"माणसं चढत होती का तुमच्या बसमध्ये?"

"चढायची की! थांबवली तर."

पालीनं आठाच्या आकाराची गाठ शिकवली. एकदा दाखवली, मावशीनं एका दमात बांधली. वळ्यावर वळं, जणू छापलेलं. पाल कौतुकानं काकांना बोलवायला वळली, तेवढ्यात मागून कचकन आवाज आला. मावशीच्या गळ्यात कायम अडकवलेली मोठी कात्री आता हातात होती, आणि गाठीबाहेर लोंबणारं दोराचं टोक जमिनीवर.

"मावशी!!"

"काय झालं? जास्तीचा दोरा होता, कापला. असं लोंबतं ठेवतात का कुठं? लोक नावं ठेवतील."

पाल मटकन खाली बसली. दोर नवाकोरा होता. मग उठून तिनं समजावलं: ते जास्तीचं नसतं. वजन पडलं की गाठ सरकते, आवळते, त्यासाठी वीतभर शेपूट ठेवायचंच. आखूड शेपटाची गाठ कितीही देखणी असली, तरी त्या गाठीवर जीव टांगायचा नाही.

चाळीस वर्षं टाका मारून धागा कापणाऱ्या हाताला हे ऐकणं जड गेलं. पण गेलं. कात्री त्या दिवसापासून दाराजवळच्या खिळ्यावर टांगली जाऊ लागली, आणि दोराची भरपाई म्हणून मावशीनं सगळ्यांना, घामानं हात निसटू नयेत म्हणून चोळायच्या खडूच्या भुकटीसाठी, कमरेला अडकवायच्या पिशव्या शिवून दिल्या, आतून मऊ कापड लावून.

मंगळवार आणि शनिवार, सकाळी. लेकीला सांगितलं नाही. कपड्यांवर खडू दिसला तर शिंपिणीच्या कपड्यांवर खडूच दिसणार! चढताना ती पुटपुटायची, मशीन चालवताना पुटपुटायची तेच:

सुई माझी पुढं चाले, दोरा मागं येतो गं,
जिथं जिथं भोक पाडी, तिथं टाका देतो गं.

दोन महिन्यांत पिवळी वाट झाली. तिसऱ्यात निळी. बोटं तर तिची आधीपासूनच चिवट. चार पदरी जीन्समधून सुई ओढणारी बोटं ती, पेराएवढ्या गोळ्यालाही गोचिडीसारखी चिकटायची. विशीतली पोरं खाली उभी राहून बघायची आणि मग उगाच आपले बूट आवळायची.

एकच गोष्ट होत नव्हती. वर पोचल्यावर तिला हात सोडता येत नव्हते.

बाकीचे घंटा वाजवून दोरावर बसत. मावशी घंटा वाजवायची आणि एकेक गोळा धरत आली तशी खाली उतरायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "चढले मी, उतरेनही मीच. मला काय बादली समजलात, दोराला बांधून सोडायला?" सगळे हसायचे. पाल हसायची नाही.

"मावशी, तुम्हाला दोराची भीती नाही," एकदा ती हळूच म्हणाली. "तुम्ही अजून त्या जिन्यातच आहात."

मावशीनं बुटाची नाडी सोडवली आणि त्या दिवशी पिशवी घेऊन लवकर निघाली. खरं बोलणाऱ्या पोरी फार वाईट.

चौथा महिना सरत आला. लेक खोके घेऊन आली. भांडी भरली, पुस्तकं भरली, मशीन जाड कापडात गुंडाळून वरून सुतळीनं करकचून बांधलं. ट्रक रविवारी सकाळी येणार होता. जाताना तिनं आईचं डावं मनगट हातात घेऊन फिरवून पाहिलं, आणि मग तळहात उजेडाकडे केला.

"हे काय?"

"सुईचे घट्टे."

"सुईचे घट्टे बोटांच्या टोकाला असतात. लहानपणापासून बघतेय मी. हे बोटांच्या मुळाशी कुठून आले?"

तळहातानं चुगली केल्यावर तोंड काय करणार! मावशीनं सगळं सांगितलं. लेक आधी पांढरी पडली, मग लाल झाली.

"या वयात? भिंतीवर? आणि पडलीस तर, आई? पडलीस तर?"

"उद्या शनिवार आहे. ये, बघ. त्यानंतरही तुला वाटलं तर रविवारी मी स्वतः खोके उचलून ट्रकमध्ये ठेवीन."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर हे घर माझं, मशीन माझं, आणि तो शब्द पुन्हा काढायचा नाही."

शनिवारी लेक आली. पर्स छातीशी धरून, भिंतीपासून दूर, जणू भिंतच अंगावर येणार होती. मावशीनं कात्री खिळ्याला टांगली. गाठ बांधली. शेपूट वीत लावून मोजलं. पालीनं गाठ ओढून पाहिली, काकांच्या पट्ट्यावरची दोर अडकवायची कडी तपासली.

"निघू का?"

"तिकीट घेतलंय, बसा," काका म्हणाले.

मावशी निळ्या वाटेनं निघाली. उजवा हात, डावा पाय. मधे भिंत पुढे झुकते तिथं अंग भिंतीला चिकटवलं, श्वास सोडला, टाच फिरवली. सुई पुढं, दोरा मागं. खाली गोदाम लहान होत गेलं आणि त्यात लेकीचा वर वळलेला चेहरा बशीएवढा.

"आई, पुरे! पडशील!"

घंटा हातभर वर होती. ती वाजवायची आणि रोजच्यासारखं उतरायचं, एवढंच बाकी होतं. मावशीचा हात उठला आणि थांबला. घंटा वाजवली तर लेक टाळ्या वाजवेल, मिठी मारेल, आणि घरी जाता जाता म्हणेल, 'चढलीस गं, पण पडली असतीस तर?' घंटेकडे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. उत्तर दुसरीकडे होतं, आणि तिकडे बघायची हिंमत मावशीनं चार महिने केली नव्हती.

ती जिन्यातली सकाळ पुन्हा समोर आली: पडद्यांचा वास, पायाखाली नसलेली पायरी.

"काका," ती ओरडली. आवाज फाटला, तो तिनं सावरला नाही. "हातभर ढील द्या!"

काकांनी पालीकडे पाहिलं. पालीनं हातभर दाखवून मान डोलावली. दोर सैल झाला.

"पोरी, बघतेयस ना? डोळे मिटू नकोस. पडून दाखवते!"

आणि तिनं हात सोडले.

लेकीची किंकाळी गोदामभर फिरली. मावशी एक हात खाली आली, दोन हात आली, मग पट्ट्यानं मांड्या धरल्या, दोर ताणला, काका पंजांवर उचलले गेले आणि थांबलं सगळं. मावशी हवेत हळूहळू गिरकी घेत होती. जिन्यातली ती सकाळ वरच कुठेतरी राहून गेली होती. तिला हसू आलं. आधी बारीक, मग खदाखदा.

"पडले!" ती वरून ओरडली. "बघितलंस? पडले मी! आता पुढे काय? सांग की, पुढे काय?"

मावशीनं झोका घेऊन भिंत धरली, पुन्हा चढली, आणि घंटा अशी वाजवली, की बाहेर रस्त्यावरचा सायकलवाला थांबून बघायला लागला. मग पहिल्यांदाच ती दोरावर बसून खाली आली.

लेक रडत होती आणि संतापलेलीही होती. दोन्ही एकदम करायला तिला एक तोंड अपुरं पडत होतं. "वेडी आहेस तू! आणि जिन्यात कुठे दोर असतो, आई? जिन्यात दोर नसतो!"

हे खरं होतं. काकांनी खाली पाहिलं, पालीनंही. मावशीनं मात्र आपली पिशवी पुढे ओढली आणि उलगडून दाखवली. जाड कॅनव्हासची, पाठीवर घ्यायची, खांद्याचे पट्टे चार पदरी, तिनंच शिवलेली.

"जिन्यात कठडा आहे. त्या दिवशी कठडा धरायला माझा एकही हात रिकामा नव्हता. आता गठ्ठा पाठीवर आणि दोन्ही हात मोकळे. दोन महिने झाले, बहात्तर पायऱ्या रोज चार वेळा. तू विचारलंस फक्त पडलीस का. उतरतेस कशी, हे विचारलंसच नाहीस."

लेक पिशवीचे टाके बघत राहिली. बोटानं एक ओढून पाहिला. तो हलला नाही.

घरी जाताना ती आईच्या मागून जिना चढली. दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक गेली, तिसऱ्यावर कठड्याला टेकली.

"थांब गं आई... दम लागला."

"खा दम. घाई नाही," वरून आवाज आला. "नीट धर हं, पडशील!"

शिवी हासडावी तशी लेक काहीतरी पुटपुटली, पण तिला हसूही फुटलं. वर आल्यावर तिनं ट्रकवाल्याला फोन लावला आणि खिडकीशी जाऊन, पाठमोरी, हळू आवाजात बोलली. मावशीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती मशीनवरची सुतळी सोडवत बसली होती. गाठ लेकीनं इतकी घट्ट मारली होती, की नखही शिरत नव्हतं.

"शेपूट ठेवलं नाहीस," मावशी म्हणाली.

"काय?"

"काही नाही." तिनं गळ्यातली कात्री काढून लेकीपुढे धरली. "घे, तूच काप. मंगळवारपर्यंत पडदे द्यायचे आहेत, आणि मंगळवारी सकाळी मी घरी नसते."