न विचारता वाटलेला भात

“बाई, माझं चुकलं काय, ते तरी सांगा,” कुदो दारातूनच म्हणाले. मासळीबंदरावरून थेट आले होते. रबरी बूट बाहेर काढून नुसत्या मोज्यांवर उभे होते आणि अंगाला माकुळाचा वास येत होता.

आमच्या शाळेची आरोग्यखोली सांभाळणाऱ्या ओनोदेरा बाई तिथेच चहा ओतत होत्या. मी पाचवीचा वर्गशिक्षक, म्हणून मलाही बोलावलं होतं. कुदोंची मुलगी मिनोरी माझ्याच वर्गातली. तीन दिवस ती शाळेत येत होती, पण वर्गात न येता पडद्यामागच्या खाटेवर पडून राहायची. आत्ताही तिथेच होती.

झालं होतं असं, की मिनोरीला पहिल्यांदा पाळी आली. आई लहानपणीच गेलेली. बापाला एवढंच ठाऊक, की अशा दिवशी घरात लाल चवळीचा गोड भात शिजवतात. त्यांनी तो मोठ्या पातेल्यात शिजवला आणि डबे भरून अख्ख्या आळीत वाटला. उत्तर जपानातल्या आमच्या आओमोरीच्या किनाऱ्यावर असा भात दारात आला, की कुठल्या घरात काय झालं हे शेंबड्या पोरालाही कळतं. दुसऱ्या दिवशी मिनोरी वर्गात शिरली, तेव्हा शोता नावाच्या पोरानं आरोळी ठोकली, “लाल भात आला!” आणि बाकीच्यांनी री ओढली.

“माझ्या बहिणीच्या वेळी आमच्या आईनं असंच केलं होतं,” कुदो म्हणाले. “पोरगी शहाणी झाली, आनंद झाला हो मला.”

“भात छान झाला होता. मीही खाल्ला,” बाई म्हणाल्या. “पण मला काय विचारता? जिला विचारायचं ती पडद्यामागे आहे.”

कुदोंनी टोपी काढली आणि ते पडद्याकडे वळले. “मिनोरी, चिडलीस का गं?”

पडद्यामागे खाट करकरली. मग आतून आलं, “मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं, बाबा.”

बोटीवर दहा जणांना दरडावणारा हा माणूस टोपी हातात धरून पडद्यापुढे खाली वाकला.

“आता शिबिराला नाही जाणार मी. तिथे सगळ्या मुली एकत्र आंघोळीला जातात. सगळ्या माझ्याकडेच बघत बसतील.”

शिबिर पुढच्याच आठवड्यात, डोंगरावर. त्याआधी दर वर्षी बाई मुलींना पाळीचं सांगायला संगीताच्या खोलीत नेऊन दार लावत आणि मी मुलांना मैदानावर आबाधोबी खेळायला नेत असे. परत आल्यावर मुलं विचारत, “काय सांगितलं गं?” आणि मुली खाली बघत. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

या वेळी बाई मला म्हणाल्या, “चेंडू कपाटातच राहू द्या. मुलांनाही घेऊन या.”

मुख्याध्यापकांना घाम फुटला. “पालकांचे फोन येतील, बाई.”

“मला द्या. चहा पीत पीत बोलेन.”

मग त्या पडद्याशी गेल्या. “मी वर्गाशी बोलणार आहे. तुझं नाव घेणार नाही. चालेल?” मिनोरी “हं” म्हणाली. तासाला आली, पण दाराजवळ, पळायच्या तयारीत बसली.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. मुलींचं अंग कसं बदलतं, मुलांचा आवाज कसा फुटतो, बाळ कुठून येतं, सगळं फळ्यावर चित्रं काढून सांगितलं. पॅड हातोहात फिरवले. शोतानं एक आपल्या दंडावर चिकटवला आणि वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. “नीट चिकटलाय? आता काढ आणि बघ, पाणी किती धरतो.” त्यांनी वर पेलाभर पाणी ओतलं, तशी मुलं माना पुढे काढून बघू लागली.

“या खोलीतल्या प्रत्येकाचं काही ना काही मला ठाऊक आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “कुणाला उवा झाल्या, कोण झोपेत अंथरूण ओलं करतं, कोण घरी रडतं. माझ्या तोंडून कुणी कधी ऐकलंय?”

शोताचे कान लाल झाले. गेल्या वर्षीच्या शिबिरात त्याला रात्री उठवायची चिठ्ठी त्याच्या आईनं दिली होती, हे बाईंना ठाऊक होतं आणि मलाही. बाईंनी त्याच्याकडे नुसती नजर टाकली असती, तरी पोरगं कायमचं गप्प झालं असतं. मी तर नक्की टाकली असती. बाईंनी खिडकीकडे बघत वाक्य पुरं केलं. माणूस मोठा कशानं होतो, ते मला त्या दिवशी दिसलं.

“ज्याचं अंग, त्याची बातमी. सांगायची की नाही, ते त्यानं ठरवायचं. घरच्यांनीसुद्धा आधी विचारायचं. आणि शिबिरात ज्यांना एकट्यानं आंघोळ करायची आहे, त्यांनी मला नुसतं नाव सांगा. कारण सांगू नका.”

शाळा सुटल्यावर शोता आरोग्यखोलीत आला. “बाई, रात्री उठवाल मला?”

“उठवीन.”

तो घुटमळला. “मिनोरीची माफी कशी मागू?”

“ते मी कसं सांगू? तिला ऐकायची आहे का, ते आधी विचार.”

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं. मिनोरी म्हणाली, “आत्ता नाही.” तो बरं म्हणून निघून गेला. त्यानंतर वर्गात कुणी तिला चिडवलं नाही.

शिबिराच्या सकाळी बस सुरू झाली, तरी मिनोरीचा पत्ता नव्हता. बाई दारातच उभ्या राहिल्या, चालकाला निघू देईनात. शेवटी ती आली, पाठीवर पिशवी आणि दोन पावलं मागे बाप.

बसपाशी कुदो थांबले. “बस निघाली की हात केला, तर चालेल?”

मिनोरीनं विचार केला. “एकदाच.”

ती चढली आणि बस हलली. बाकीचे आईबाप वळणापर्यंत हात हलवत राहिले. कुदोंनी एकदाच हात वर केला, पुरता उंच. मग तो खाली घेऊन मागे दुसऱ्या हातात घट्ट धरला आणि बस दिसेनाशी होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.