जुने करगोटे

कापसाला भाव आला आणि खुशालरावाला पोट आलं. दोन्ही एकाच हंगामात, आणि दोन्हींचा त्याला सारखाच तोरा. साता समुद्रांपलीकडं गोऱ्यांची आपसात जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, म्हणून अकोल्याच्या बाजारात वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचं मोल आलं. काल नांगर धरणारे आज बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा बांधत होते. खुशालराव तर अडत्या, शेतकऱ्याचा कापूस विकून देणारा. लोडाला टेकून बसला की आधी पोट दिसायचं, मग माणूस. पोट भरलेलं तर पेढी भरलेली, असं लोक म्हणायचे. ते ऐकून हा बुवा घरी जाऊन तुपाची आणखी एक वाटी मागायचा.

आणि आता तेच पोट उतरू लागलं होतं.

आधी ते नत्थुजीच्या ध्यानात आलं. नत्थुजी शेजारच्या पेढीवरचा दलाल, बाजारापेक्षा लोकांच्या घरातलं त्याला जास्त ठाऊक. सौदा करताना रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, ही बाजाराची रीत. त्या दिवशी नत्थुजीनं बोटं दाबली ती दाबूनच धरली.

“भाऊ, आंगठी ढिली झाली तुमची. घरचं अन्न आंगी लागून नाई राहिलं का?”

“काहून? बरा हाये मी.”

“बरा माणूस वाळत नाई. अन् तुमचा साळा सहदेव, आजकाल लय बसते म्हणे पेढीवर? तुमच्या मागं पेढी त्यालेच ना?”

झालं! संशयाला बोट दिलं की तो हात धरतो. खुशालराव घरी आला तो बायकोकडे चोरासारखं पाहातच. वच्छला चुलीपाशी भाकरी थापत होती. भाकरी काहून? दिवाळीपर्यंत या घरात गव्हाच्या तुपाळलेल्या पोळ्या होत्या, पुरण होतं. आता ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, पातळ ताक. तूप मागितलं तर म्हैस आटली. रात्रीचं जेवण दिवेलागणीच्या आत. छकड्याचा बैल लंगडतो म्हणून मोर्णा नदीच्या काठानं बाजारापर्यंत पायी जावं लागायचं, आणि तो लंगडा बैल गव्हाणीपाशी मजेत चारी पायांवर उभा! वर रोज सकाळी ती कसलीशी कडू पिवळी भुकटी पाण्यातून द्यायची. “वातावर हाये, प्या.” तो प्यायचा, म्हणजे पीत होता, नत्थुजीनं बोटं दाबेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्यानं भुकटी गोठ्यात ओतली आणि आपल्या ताटातली भाकर दारातल्या कुत्र्याला घातली. कुत्रं मेलं नाही. उलट त्यानं दारातच मुक्काम ठोकला. पण शहाणपण सुचेल तर तो संशय कसला? विष सावकाश चढणारं असेल, खुशालराव मनाशी म्हणाला, आणि रात्रभर कूस बदलत राहिला.

“मूठ मारली असंल,” सगळं ऐकून नत्थुजीनं निदान केलं. “धाडा तिले माहेरी, अंजनगावले. घर काही ओस पडत नाई. माही पुतणी उजवायची हाये.”

कापूस तोलताना काट्यावर नजर ठेवणाऱ्या या माणसाला नत्थुजीचा काटा काही दिसला नाही. त्यानं गाडी सांगून टाकली. बायकोला म्हणाला, “तुही माय आजारी हाये म्हणतात, जाऊन ये.” परत कधी आणायचं ते तो बोलला नाही. वच्छलेनं त्याच्याकडं टक लावून पाहिलं आणि ती बोचकं बांधायला लागली.

गाडी दुपारी यायची होती. खुशालराव डोळे मिटून पडला, पण झोप कसली! थोड्या वेळानं बांगड्या वाजल्या. पोटावर काही तरी हललं. दोरा! वच्छला त्याच्या पोटाभोवती अलगद दोरा सरकवत होती. खुशालरावानं डोळे किलकिले करून पाहिलं. तिनं दोरा काढला, चिमटीत धरला आणि ती कोठीच्या खोलीत गेली. हा अनवाणी मागोमाग.

ज्वारीच्या कणगीमागून तिनं गाडगं काढलं. आत दोऱ्यांची भेंडोळी होती, गाठी मारलेली. ती त्यानं लगेच ओळखली. त्याचेच करगोटे! कमरेचा करगोटा आखूड पडला की तो तोडून द्यायचा आणि ती नदीत सोडायला न्यायची. अंगावरची वस्तू वैऱ्याच्या हाती पडू नये, करणी होते, म्हणून ही रीत.

“रांडे!” तो ओरडला. “नदीत सोडतो म्हणून नेले होते ना तुनं? माह्यावर करणी? घरात?”

वच्छला दचकली, पण पळाली नाही. तिनं गाडगं खाली ठेवलं, जमिनीवर बसली आणि एकेक दोरा सरळ करून शेजारी शेजारी मांडू लागली.

“हा लग्नातला. हा कापसाले भाव आला त्या सालचा. हा बैलपोयाचा. अन् हा दिवाळीचा, जेवता जेवता तुटला होता तो.”

प्रत्येक दोरा मागच्याहून लांब. दिवाळीच्या दोऱ्याला लागून तिनं आणखी एक ठेवला. काळा, जुना, त्यात एक पोवळं ओवलेलं.

ते पोवळं खुशालराव लहानपणी बापाच्या मांडीवर बसून चोखायचा.

“मामाजीचा,” ती म्हणाली. “जेवून उठले, छातीले हात लावला अन् गेले. लोकायनं कमरेचा कापून आंगणात फेकला. म्या उचलला. पाहा तुमीच.”

त्यानं पाहिलं. बापाचा शेवटचा करगोटा आणि त्याचा दिवाळीचा, दोन्ही बरोबरीचे.

“मामाजीले बी असाच दम लागे, रातभर तहान लागे. रहमतुल्ला हकीम दिवाळीत तेच सांगून राहिले होते. हातापायाची चरबी वरवरची, पोटातली आतून काळीज आवळते. तुमी त्या म्हाताऱ्याले घराबाहेर काढलं. म्या सांगितलं असतं तं तुमी ताट फेकलं असतं. म्हणून चोरून केलं. तूप म्या लपवलं. बैल लंगडा म्या केला. अन् भुकटी मेथ्याची हाये, घ्या, चाखा!”

मग तिनं आत्ता मोजलेला लाल दोरा त्या दोघांशेजारी ठेवला. तो चार बोटं आखूड होता.

खुशालरावाला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तो काही बोलणार तोच बाहेरून गाडीवानानं हाक दिली.

“गाडी परत जाऊ दे,” खुशालराव पुटपुटला.

“काहून?” वच्छला उठली. “धाडून राहिले होते ना? माही माय आजारी नाई हे मले ठाऊक हाये. पेढीवरचं सारं सहदेवनं सांगितलं मले. नत्थुजीची पुतणी आणा अन् तिच्या हातच्या तुपाच्या पोळ्या खा. मी जातो.” बोचकं उचलून ती खरोखरच गाडीत जाऊन बसली.

गाडी निघाली. खुशालराव मागोमाग निघाला, हातात बापाचा करगोटा तसाच. भर बाजारातून निघाला. नत्थुजी पेढीवरून पाहात होता, पाहीना का! “उतर व,” तो म्हणत होता. “चुकलो मी. अवं, उतर ना.” ती पाठ फिरवून बसलेली. मोर्णेचा उतार गेला, पाणी गेलं, पलीकडचा चढ आला. याच चढावर दिवाळीआधी तो छकड्यात बसूनसुद्धा धापा टाकायचा.

चढ संपला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपण अजून बोलतो आहोत. दम लागलेला नाही. त्यानं छातीवर हात ठेवला, मुठीतलं पोवळं छातीला लागलं, आणि तो वाटेतच लहान पोरासारखा रडायला लागला.

गाडी थांबली. वच्छलेनं मागं वळून पाहिलं, पदरानं आपले डोळे पुसले आणि गाडीवानाला बैल फिरवायला सांगितलं. खुशालराव गाडीत चढायला गेला तशी तिनं बोचकं मध्ये आडवं केलं.

“तुमी चाला,” ती म्हणाली. “घर दूर नाई.”