धुराड्याचं बटण

पोर्ट ब्रेनन गावातलं शेगड्यांच्या कारखान्याचं धुराडं सुरुंग लावून पाडायचं ठरलं, आणि डेल्बर्ट कुबाले म्हाताऱ्याला कित्येक वर्षांनी भूक लागली. बायको लव्हर्न बघतच राहिली. बटाट्याचं धिरडं त्यानं तिसऱ्यांदा मागून घेतलं.

मिशिगन सरोवराच्या काठावरचं ते गाव तीन पिढ्या शेगड्यांवर जगलं होतं. डेल्बर्टचा आजा युरोपातल्या बोहेमियातून आला तो थेट कारखान्याच्या फाउंड्रीत, वाळूच्या साच्यांत लोखंड ओतायला लागला. बाप तिथंच छातीत वाळू भरून गेला. डेल्बर्ट आणि धाकटा मार्व्हिन, दोघंही शाळा सुटताच त्याच फाटकातून आत शिरले.

मग संप झाला. चार महिने दोघं भाऊ फाटकाबाहेर एकाच शेकोटीला हात शेकत उभे राहिले. आणि एका सकाळी मार्व्हिनची गाडी फाटकाकडे आली. काच वर केलेली, मार्व्हिनची नजर सरळ समोर. डेल्बर्टनं काचेवर थडाथडा हात मारले. "मार्व्ह! अरे, मी आहे मी!" गाडी थांबली नाही. त्याच्यामागून आणखी गाड्या गेल्या. संप मोडला. डेल्बर्टला पुन्हा आत घेतलं नाही. उरलेलं आयुष्य त्यानं शाळेच्या फरशा पुसण्यात काढलं. पुढं कारखानाच मेक्सिकोला गेला आणि मार्व्हिनलाही एका दुपारी केक कापून घरी पाठवलं. पण भाऊ बोलले नाहीत ते नाहीतच. आईची शवपेटीसुद्धा त्यांनी दोन टोकांना धरून नेली, एकमेकांकडे न बघता.

आता अग्निशमन दलानं नव्या बंबाचे पैसे उभे करायला सोडत काढली होती. ज्याचं तिकीट निघेल त्यानं बटण दाबून धुराडं पाडायचं. डेल्बर्टनं तिकिटांची चवडच घरी आणली.

"चर्चच्या सोडतीत कधी एक घेतलं नाहीस मेल्या," लव्हर्न म्हणाली.

"चर्च पाडत असतील तर घेईन. बटण मीच दाबणार, बघ तू."

शुक्रवारी, तळलेल्या माशांच्या जेवणाला सगळं गाव जमलेलं असताना, चिठ्ठी निघाली. मार्व्हिन कुबाले. सभागृहातल्या सगळ्या माना डेल्बर्टकडे वळल्या. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. डेल्बर्ट ताट तसंच टाकून उठला.

रविवारी दारावर टकटक झाली. मार्व्हिन टोपी हातात घेऊन पायरीवर उभा. केवढा वाळला होता!

"आत ये," लव्हर्न म्हणाली.

"नको. डेल, बटण तू दाब. मी त्यांना सांगितलंय."

"तुझे उपकार नकोत मला."

"उपकार कसले? मला नाही ते पडताना बघवणार."

"बघवणार नाही?" डेल्बर्ट खुर्चीतूनच ओरडला. "ज्याच्यापायी सख्खा भाऊ विकलास, त्याची एवढी माया?"

"मी कुणाला विकलं नाही. कामावर गेलो."

"एकच ते."

मार्व्हिननं टोपी डोक्यावर घातली. "दाबणार का नाही, तेवढं बोल."

डेल्बर्टला नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "दाबतो."

धुराडं पाडायच्या सकाळी लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले. कुणी सॉसेज भाजत होतं, कुणी बिअरचे डबे उघडत होतं. टेबलावर पिवळी पेटी आणि तिच्यावर वाटीएवढं लाल बटण. महापौरबाईंनी डेल्बर्टच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. गर्दी उलटे आकडे मोजू लागली.

डेल्बर्टनं अंगठा बटणावर ठेवला आणि वर पाहिलं. लहानपणी आई खिडकीतून त्या धुराड्याचा धूर बघायची आणि वारा कुठला ते ठरवून कपडे वाळत घालायची. बाप घरी आला की त्याच्या बुटांतून काळी वाळू सांडायची, आणि हे दोघं भाऊ तिच्यात बोटांनी रेघोट्या ओढत बसायचे. आकडे संपत आले. डेल्बर्टचा अंगठा आपोआप वर उचलला गेला. त्यानं तो पुन्हा खाली नेऊन पाहिला, जाईना.

आणि धडाम् झालं. गुडघ्यात गोळी लागावी तसं धुराडं आधी खचलं, मग आडवं झालं. लोकांनी आरोळी ठोकली. "झकास दाबलंत!" महापौरबाईंनी त्याचा हात धरून हलवला.

डेल्बर्टनं पेटी उचलून पाहिली. मागून निघालेली वायर टेबलाखाली गवतात वेटोळं करून पडली होती. कशालाच जोडलेली नव्हती.

"अहो आजोबा, सुरुंग काय कुणाच्याही हातात देतात?" धुराडं पाडणाऱ्या ठेकेदाराचा माणूस हसला. "हे आपलं फोटोपुरतं."

मार्व्हिन दोरीपलीकडे उभा होता. बघवणार नाही म्हणणारा आला होता.

"तुला ठाऊक होतं?" डेल्बर्टनं विचारलं.

"काल सांगितलं त्यांनी."

"आणि मला बोलला नाहीस."

"म्हटलं, तुला तेवढंच समाधान."

"आयुष्यभर हेच केलंस. वरच्यानं सांगितलं की तोंड मिटायचं!"

मार्व्हिननं तोंडावरची धूळ पुसली. "आणि तू? मी बघत होतो, डेल. तुझा अंगठा वर होता."

डेल्बर्टनं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. मार्व्हिन थोडा वेळ थांबला, कदाचित डेल्बर्ट कॉफीला चल म्हणेल म्हणून. मग गाडीकडे गेला.

जानेवारीत मार्व्हिन वारला. दफनाच्या दिवशी लव्हर्न काळा कोट घालून दारात उभी राहिली. "शेवटचं विचारते. येतोस?"

"बर्फ काढायचाय," डेल्बर्ट म्हणाला.

ती एकटी गेली. त्यानं आपल्या दारातला बर्फ काढला, मग शेजारच्यांच्या, मग त्यांच्या पलीकडल्यांच्या. शेजारी खिडकी उघडून ओरडला, "डेल, पुरे! माझ्याकडे यंत्र आहे, मी काढतो!" डेल्बर्टनं मान वर केली नाही. चर्चच्या घंटा वाजून थांबल्या तरी तो फावडं मारतच होता.