ओरिथियाचा चेहरा

शिल्पकार ताद्देओने मूर्तीवरचं कापड ओढलं तसं ते ओरिथियाच्या संगमरवरी बोटांत अडकलं. शिडीवर चढून त्याने ते हलक्या हाताने सोडवलं, आणि बागेत जमलेली मंडळी पुढे सरकली.

पंखवाल्या वायुदेवाने, बोरेयासने, राजकन्या ओरिथियाला पळवून नेण्यासाठी कमरेत धरून उचललं होतं. त्याची बोटं तिच्या कुशीत रुतली होती. तिचा एक हात मागे पसरलेला, ओठ अर्धवट उघडे.

"हिला हाक मारायचीय, पण आवाज फुटत नाहीये," कार्डिनल हळूच म्हणाले. मूर्ती त्यांनीच करून घेतली होती. "ताद्देओ, ही भीती तू पाहिलीस कुठे?"

"कल्पना आहे, महाराज."

"कल्पनेला एवढं नेमकं दिसत नाही, ताद्देओ."

सगळे हसले. ताद्देओही हसला, पण त्याची नजर मागे उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे गेली. एर्सिलिया कार्राराहून नवऱ्याबरोबर आली होती. नवरा गास्पारे वयाने ताद्देओएवढाच, खाणींचा मालक. हा बिनडागाचा दगड त्याच्याच खाणीतला. आधी सोयरीक जुळली, मग दगड रोमला आला, असं कारागीर आपसांत बोलत.

लग्नानंतर गाडीत बसवलं तेव्हा एर्सिलियाने असाच हात बाहेर काढला होता. ताद्देओ घोड्याचा पट्टा आवळत राहिला होता. पट्टा मुळात सैल नव्हताच.

"सासरेबुवा, आमच्या दगडाचं सोनं केलंत," गास्पारे म्हणाला आणि कार्डिनलांच्या अंगठीचं चुंबन घ्यायला पुढे गेला.

एर्सिलिया मूर्तीखाली येऊन उभी राहिली. बराच वेळ वर पाहत होती. ताद्देओ हातावरची पांढरी भुकटी, ती केव्हाच झडली तरी, पुसत राहिला.

"चेहरा तसा कुणाचाच नाही," तो म्हणाला.

"असू दे, बाबा." तिचा आवाज शांत होता. "आईशी मी किती भांडले. ती म्हणायची, तुझ्या बापाने तुझा हात, तुझा चेहरा, सगळं पाहिलं होतं. मी म्हणायचे, नाही गं, ते घोड्याकडे बघत होते. पाहिलं असतं तर गाडी थांबवली असती त्यांनी."

कार्डिनलांनी त्याला हाक मारली.

"जा," ती म्हणाली. "बोलावताहेत."

ताद्देओ गर्दीतून खाली मान घालून गेला. लोकांना तो त्याचा विनय वाटला.